मलप्रभेकाठी पाच रात्री आणि एक बॅटरी

“औषध गार हाय न्हवं रे?”

पहाटे उठल्या उठल्या आईचा पहिला प्रश्न हाच. चहाचं नंतर. पाचही सकाळी मला “हो, चार-पाच अंशांवर आहे” असं सांगता आलं, आणि तेवढ्या एका उत्तरासाठी मी वर्षभर खटपट केली होती. गाडीतच झोपायची सोय करून फिरायचा विचार असलेले दोघे-तिघे मला सोलर आणि बॅटरीबद्दल विचारून गेले. प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

गाडी जुनी तेरा सीटर ट्रॅव्हलर, के.ए. २२ पासिंगची. सीटा काढून दोन बाक-पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज बसवला. आरटीओतली बदलाची नोंद हा वेगळा विषय, त्यात इथे शिरत नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये वीस वर्षं काम करतोय. ४१५ व्होल्टच्या मोटारी, स्टार्टर, पॅनेल बोर्ड यावर हात बसलेला आहे. १२ व्होल्टमध्ये काय अवघड असणार, असं वाटलं होतं. पण त्याच १२ व्होल्टनं मला पहिल्यापासून शिकायला लावलं.

गेल्या वर्षी घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी काढून गाडीत ठेवली आणि डिसेंबरात जांबोटीजवळ मामाच्या शेतात मुक्कामाला गेलो. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला फ्रिज बंद पडला. आत आईच्या इन्सुलिनची न उघडलेली दोन पेनं होती. वापरात असलेलं पेन ऊन-उष्णतेपासून लांब ठेवलं तर साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण न उघडलेली २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामीनं पेनं पिशवीत गुंडाळून ओल्या वाळूतल्या माठाशेजारी ठेवली. थंडीचे दिवस असल्यानं निभावलं. पण आई रात्रभर जागी राहिली, आणि ते माझ्या मनातून गेलं नाही.

बॅटरी कशामुळे उतरली, हे शोधायला घरी आल्यावर महिना गेला. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार नेली की तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणजे १५० मधले माझ्या हक्काचे ७५ च. मी मात्र दरवेळी साडेदहा व्होल्टपर्यंत पिळून काढत होतो, आणि नंतर अख्खा पावसाळा ती अर्धवट भरलेली पडून होती. तशी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता परत येत नाही. शिवाय ती भरताना हायड्रोजन सोडते, आणि मी ती झोपायच्या बाकाखाली ठेवली होती. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दुसरी चूक वायरची. आईला ओल्या खोबऱ्याची चटणी हवी म्हणून मिक्सर लावला की इन्व्हर्टर बोंबलायचा आणि बंद पडायचा. ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टला दोन-सव्वादोन अँपिअर घेतो. तोच इन्व्हर्टरमधून १२ व्होल्टवर आला की बॅटरीतून ४५ अँपिअर जातात, आणि सुरू होतानाच्या झटक्याला त्याच्या दुप्पट. माझी वायर ६ चौरस मिलिमीटरची, तीन मीटर जाऊन तीन मीटर परत. नुसत्या वायरीतच पाऊण व्होल्ट जात होता आणि झटक्याला दीड-पावणेदोन. बॅटरीत वीज होती, ती इन्व्हर्टरपर्यंत पोचत नव्हती. आता इन्व्हर्टर बॅटरीपासून एका मीटरवर आणला, वायर २५ चौरस मिलिमीटरची टाकली, वायरीच्या टोकांचे लग हायड्रॉलिक पंचनं दाबून घेतले. मिक्सर फिरतो आणि दिवा लुकलुकतसुद्धा नाही.

तिसरी चूक मी करणार होतो, पण कारखान्यातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियननं वेळीच हात धरला. घरच्या बोर्डावरचा एमसीबी मी बॅटरीच्या लाइनला लावत होतो. “अरे, हा डीसी आहे. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसीचा शून्यावर येतच नाही, आत कमान धरून जळत राहील,” तो म्हणाला. मग डीसीचेच ब्रेकर आणले, आणि बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज टाकला. वीस वर्षं विजेत काम करणाऱ्या माणसाच्या लक्षात हे आलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

नवीन बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर. गुणाकार केला की २५६० वॅट-अवर, म्हणजे घरच्या मीटरवरचं अडीच युनिट. नव्वद टक्क्यांपर्यंत वापरली तरी चालते. वजन जुनीच्या निम्म्याहून कमी. पैसे बरेच गेले, ते लपवत नाही. तिची एक खोड मात्र आहे: व्होल्टेज बघून ती किती उरलीय ते कळत नाही. ८० टक्क्यांना १३.३ आणि ४० टक्क्यांना १३.१, एवढाच फरक. म्हणून ऋण टोकावर शंट बसवून आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा मीटर लावला. कोठारातलं धान्य डोळ्यांनी अजमावणं वेगळं आणि प्रत्येक पायली मोजून नोंदवणं वेगळं, तसं हे. टपावर १६५ वॅटची दोन सोलर पॅनेल एकामागोमाग एक जोडून, आणि खाली पॅनेलची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा एमपीपीटी कंट्रोलर. त्याला आधी बॅटरी जोडायची आणि मग पॅनेल, काढताना उलट. इंजिन चालू असताना बॅटरी भरायला ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर. अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्राची, वायर थेट लिथियमला जोडू नका. ही बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो.

यंदा दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात निघालो. आईची इच्छा होती मलप्रभा उगमापासून बघायची. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी ती उगम पावते आणि खाली सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला धरणात अडते. मधलं अंतर गाडीनं अर्ध्या दिवसाचंच. पण पश्चिमेच्या घाटमाथ्यावर जंगल, धुकं आणि पाऊस, तर पूर्वेला काळी माती आणि मोकळं आभाळ. एकाच नदीची ही दोन टोकं माझ्या पॅनेलना इतकी वेगळी भासतील याची मला कल्पना नव्हती.

शुक्रवारी दुपारी एकला कणकुंबीजवळ पोचलो तेव्हा मीटरवर १०० टक्के. त्या बाजूला वनखात्याची हद्द फार, आणि रानात मुक्काम ठोकायचा नसतो. आम्ही मामेभावाच्या घराच्या परसात गाडी लावली. वर दोन जुने फणस, शेजारी आंबा. सावलीचं बघून सगळे खूश. मी कंट्रोलर बघितला: भर दुपारी २२ वॅट.

हे सावलीचं गणित समजून घेण्यासारखं आहे. पॅनेलवर कवडसे पडलेले दिसत होते, निम्मं तरी ऊन मिळत असेल असं कुणालाही वाटेल. पण आतले ३६ सेल एका माळेत असतात. पाटाच्या पाण्यात एका जागी ढेकूळ पडलं की पुढचे वाफे कोरडे राहतात, तसं एका सेलवर दाट सावली आली तरी त्याच्या ओळीचा प्रवाह अडतो. बायपास डायोड त्या ओळीला वळसा घालून बाकीचं वाचवतात, पण फणसाची पानं प्रत्येकच ओळीत कुठे ना कुठे सावली टाकत होती. आहे की १०० टक्के, उद्या बघू, असं म्हणून मी सोडून दिलं.

शनिवारी सकाळी सातला ६७ टक्के. एका रात्रीत ३३ टक्के, साडेआठशे वॅट-अवर कुठे गेले? फ्रिजला थंड हवेत एवढं लागत नाही. पंखा लावला नव्हता. वही घेऊन बसलो तर ही म्हणाली, “तो हिरवा दिवा कालपासून पेटलेलाच आहे.” इन्व्हर्टर. आल्या आल्या लॅपटॉपसाठी चालू केला आणि तसाच राहिला. काहीही जोडलेलं नसताना तो १५ वॅट खातो. अठरा तासांचे २७० वॅट-अवर झाले.

त्यावर मी आईला एक हिशेब मांडून दाखवला, कारण “माझ्या मिक्सरनं बॅटरी उतरंल” म्हणून ती वाटण करायला घाबरत होती. ५०० वॅटचा मिक्सर दोन मिनिटं चालला तर सतरा वॅट-अवर. म्हणजे रिकाम्या इन्व्हर्टरनं सोळा वेळचं वाटण खाऊन टाकलं होतं. वस्तू किती मोठी आहे यापेक्षा ती किती वेळ चालते ते बघायचं. आई लगेच म्हणाली, “मग मिरच्या आण की.” तेव्हापासून इन्व्हर्टर कामापुरताच चालू. लॅपटॉपला आणि फोनला थेट १२ व्होल्टवरचे चार्जर.

त्या दिवशी साडेनऊपर्यंत धुकं हटलं नाही. अकराला मामेभावाला विचारून गाडी परसातून काढली आणि भाताची कापणी झालेल्या मोकळ्या शेतात नेऊन उभी केली. जमीन वाळली होती, चाकं रुतली नाहीत. पॅनेलनी लगेच २०० च्या आसपास वॅट दाखवले. पण गोव्याच्या बाजूनं ढग घाट चढून येत होते. आकडा २१० वरून ६० वर, परत १८० वर. संध्याकाळी ८१ टक्के. रविवारी सकाळी ६७. म्हणजे काटकसरीनं एका दिवस-रात्रीत जेवढं गेलं, तेवढंच आलं. त्या दिवशीचा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण आमच्या चौघांच्या संसाराला दिवसाला साधारण सहाशे वॅट-अवर लागतात हे तिथे पक्कं कळलं. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा फ्रिजचा. बाकी दिवे, फोन, पाण्याचा पंप हे सगळं किरकोळ.

फ्रिजसाठी एक युक्ती उपयोगी पडली. ऊन असेल तेव्हा त्याला ३ अंशांवर लावायचं आणि मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या. अंधार पडला की ६ वर. गार झालेलं पाणी रात्रभर आतली थंडी धरून ठेवतं आणि कॉम्प्रेसर क्वचितच सुरू होतो. ३ च्या खाली मात्र नेलं नाही, कारण इन्सुलिन गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं. पेनांच्या डब्यात एक छोटा थर्मामीटर ठेवला होता, फ्रिजच्या आकड्यावर विसंबलो नाही.

रविवार गेला पावसाच्या भुरभुरीत. दिवसभरात ४० वॅटच्या वर काही आलं नाही. उगमाशी जाऊन आलो. कुंडातलं पाणी आईनं डोळ्यांना लावलं. मामेभावाच्या घरी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं झालं. संध्याकाळी ६२. सोमवारी सकाळी ४८, आणि आभाळ तसंच गच्च. जुन्या बॅटरीला हाच आकडा म्हणजे तळ होता. हिच्यात अजून निदान दीड दिवसाचं उरलं होतं. काळजी नव्हती, पण थांबून आभाळाशी जुगार खेळण्यातही अर्थ नव्हता. मुलीला आणखी एक दिवस राहायचं होतं, तिची समजूत काढावी लागली.

जांबोटी, खानापूर, असोग्याला नदीकाठच्या रामलिंगेश्वराचं दर्शन आणि दशम्या, मग एम. के. हुबळी, बैलहोंगल, सौंदत्ती. इंजिन एकूण तीन तास चाललं. चार्जरनं सरासरी २७ अँपिअरनं ८० अँपिअर-अवर घातले. वाटेत ऊनही लागलं. दुपारी सौंदत्तीला ८९ टक्के. घाटावर दोन दिवस झगडून जे जमलं नाही ते प्रवासात आपोआप झालं. म्हणून आता मुक्काम ठरवताना मी आधी ढगाळ जागा आणि मग गाडी चालवायचा दिवस असा क्रम लावतो.

धरणाच्या पाण्याकडेला एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानाच्या बांधाशी गाडी लावली. जागेचे पैसे घ्यायला तो तयार होईना. आमची कन्नड मोडकी, त्याचं मराठी त्याहून मोडकं. टपाकडे बघून तो म्हणाला, “बिसल भाळ ऐत्री.” ऊन लई आहे हो. खरंच होतं. चारी दिशांना झाड म्हणून नाही.

तरीही मंगळवारी साडेअकराला ३३० वॅटच्या पॅनेलवर आकडा २२६ च. इथे दोन कारणं. पॅनेल तापलं की त्याचा जोर कमी होतो, अंदाजे दर अंशाला ०.४ टक्के, काळ्या मातीवरच्या उन्हात ते ५५ अंशांपर्यंत सहज जातं आणि त्याच्यावर लिहिलेला आकडा असतो २५ अंशांचा. दुसरं, आपण १६ अक्षांशावर. नोव्हेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेला कलून क्षितिजापासून ५४ अंशांवर असतो. टपावर आडव्या पॅनेलवर किरण तिरके पडतात. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्य बरोबर माथ्यावरून जातो, पण ऑगस्टात ढगांमुळे त्याचा काय उपयोग! पॅनेलना मी एका बाजूला बिजागऱ्या लावल्या होत्या. गाडी पूर्व-पश्चिम वळवून उभी केली आणि उत्तरेकडची कड पंधरा अंश उचलली. २६१. चार बोल्ट आणि दोन पट्ट्यांत ३५ वॅट वाढले. चारच्या पुढे मात्र तिथला वारा सुटतो. डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाहीत. पॅनेल धडधडायला लागली तशी ती खाली घेऊन कड्या लावल्या.

त्या सकाळची आणखी एक गोष्ट. पॅनेलवर दव आणि त्यात काळी बारीक राख बसली होती. उसाचा हंगाम सुरू झालेला, कुठूनतरी चिपाडाची राख उडून येते. मी चढून ओल्या फडक्यानं पुसून काढली, ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. फडकं काळंकुट्ट झालं.

दुपारी साडेबाराला १०० टक्के. आणि मग कंट्रोलरचा आकडा खाली येत येत ४० वर स्थिरावला. बॅटरी भरली की तो घ्यायचं थांबवतो. वर २६० वॅटची वीज तयार होऊ शकते आणि घ्यायला कुणी नाही. कणकुंबीच्या धुक्यात वॅट-वॅट मोजलेल्या माणसाला ते बघवेना. मी शेतकऱ्याला खुणेनं विचारलं, काही चार्ज करायचंय का? त्यानं घरातले तीन फोन आणले, पोराचा टॉर्च आणला, आणि जरा संकोचून बॅटरीवरचा फवारणी पंप पुढे केला. त्याच्या चार्जरला २३० व्होल्ट लागतात, तेव्हा इन्व्हर्टर चालू केला, यावेळी हिशेब करून. पंप भरायला चार तास लागले.

आई त्याच्या बायकोशी बांधावर बसून बोलत होती. एकीचं मराठी, एकीचं कन्नड, आणि दोघींचं चाललं होतं. यल्लम्माच्या यात्रेला माझे आजोबा बैलगाडी जुंपून यायचे, तीन मुक्काम करत. गाडीखाली कंदील टांगलेला, आणि रॉकेलची बाटली आजीच्या ताब्यात. परतीच्या शेवटच्या रात्रीपुरतं ती आधीच बाजूला काढून ठेवायची आणि कुणी मागितलं तरी द्यायची नाही, असं आईनं सांगितलं. मी तेव्हापासून वहीत ३० टक्क्यांवर लाल रेघ मारली आहे. त्याखाली फक्त फ्रिज चालेल.

बुधवारी सकाळी मीटरवर ८६, पेनांच्या डब्यात ५ अंश. बेळगावला परतल्यावर बॅटरी ६० टक्क्यांच्या आसपास ठेवून स्विच काढला; लिथियम बरेच दिवस पडून राहणार असेल तर ती काठोकाठ भरून ठेवायची नसते.

आईनं माघात परत कणकुंबीला जायचं ठरवलंय, आणि गाडी फणसाखालीच लावायची म्हणते, दुपारची झोप तिथेच चांगली लागते म्हणून. त्यासाठी १२० वॅटचं एक घडीचं पॅनेल बघून ठेवलंय. गाडी सावलीत, ते शेतात. १० मीटर जायची आणि १० मीटर यायची वायर, सात अँपिअर. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाऊण व्होल्टच्या आसपास घट येते, ६ ची घेतली तर अर्ध्याच्या आत. ६ चीच घेणार आहे.